‘उगा’ या शब्दावरची टीप

अक्का,

पुण्याहून तुझ्या प्रकरणाची प्रूफं आली आहेत. कागदावर नाही, फोनवरच. मेधाताईंनी सोबत लिहिलंय, घरातलं सगळं आटोपलं की सावकाश बघा, घाई नाही. घाई आहे. बाकीच्यांची प्रकरणं लागून तयार आहेत आणि पुस्तक तुझ्यापाशी अडलं आहे, हे मला कळतं. ते मला सांगणं त्यांना जड जातं, हेही कळतं. तेरावा होऊन गेला. चेन्नईची मंडळी आपापल्या गाड्यांनी परतली. या घरात आता मी आहे आणि ही पानं आहेत.

तुझा ‘उगा’ त्यांनी सगळीकडे खोडला आहे. ‘थंड असताना या ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन उगे राहतात’ असं तू लिहिलंस, तिथे ‘उगे’वर लाल रेघ आणि वर ‘निष्क्रिय’. पुढच्या पानावर तेच. समासात प्रश्न आहे: ‘उगाच, विनाकारण, या अर्थी का? वाचक गोंधळेल. आपलं मत कळवावं.’

आपलं मत. माझं मत तुला पाठ होतं. हा शब्द चालायचा नाही, असं मी तुला जेवताना सांगितलं, कावेरीच्या घाटावर फिरताना सांगितलं, तू रागावून देवघरात जाऊन बसलीस तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितलं. आता निकाल माझ्या हातात आला आहे. ‘ठीक आहे’ एवढं टाइप केलं की मी जिंकलो. समोरचा उठून गेल्यावर मिळालेला हा विजय ठेवायचा कुठे, ते मला कळत नाही. म्हणून तुला लिहायला बसलो.

मेधाताई पहिल्यांदा आपल्याकडे आल्या तो दिवस आठवतो. त्या तंजावरला जुनी कागदपत्रं बघायला आल्या होत्या. मधल्या एका सुट्टीच्या दिवशी दारासुरमचं देऊळ बघून टाउन बसने आपल्या गल्लीत उतरल्या, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कुंभकोणात एक भाऊ-बहीण राहतात आणि घरात अजून मराठीत बोलतात. त्यांना वाटलं असेल, ओव्या-बिव्या ऐकायला मिळतील. त्या हात धुऊन येईपर्यंत तू गॅसवर तपेलं चढवलं होतंस.

“चहा नको हो,” त्या म्हणाल्या.

“चहा नव्हे,” तू म्हणालीस. “दगड शिजवित्यें.”

मग तू कपाटातून कुंकवाची ती लाकडी डबी काढलीस. आत कापसावर तुझी वडी. व्हॅनेडियम ऑक्साइडची, नखाएवढी, काळ्या शाईच्या रंगाची. मद्रासला संशोधन करत होतीस तेव्हा स्वतः पूड दाबून, भट्टीत भाजून केलेली. आईबाबांची दुखणी काढायला तू ते सोडून इकडे आलीस, कॉलेजात शिकवायला लागलीस, आणि त्या सगळ्या वर्षांतलं तेवढंच काय ते सोबत आणलंस. वडीला दोन बारीक तारा चिकटवलेल्या. ती परीक्षानळीत, परीक्षानळी तपेल्यातल्या पाण्यात, तारांची टोकं रोध मोजणाऱ्या मीटरला, पाण्यात थर्मामीटर. मेधाताई पदर सावरून ओट्याशी उभ्या, आणि तू माझ्यावर ओरडलीस.

“राघू, आंकडे वाच. मोठ्यानें वाच. पोपटासारखें.” आणि त्यांच्याकडे वळून, “नांव राघू ठेविलें आईनें, आणि बोलत कांहीं नाहीं. जन्मभर आम्हीं फसलों.”

मी वाचत गेलो. पन्नास. साठ. मीटर डुलक्या काढत होता, आकडा सावकाश उतरत होता. पासष्ट ओलांडलं, अडुसष्टच्या आसपास आलं, आणि रोध कोसळला. हजारांतून एकदम दहा-वीसांवर. तेच द्रव्य, तीच नळी, त्याच तारा. क्षणापूर्वी विजेला जाऊ देत नव्हतं, आता धातूसारखं जाऊ देत होतं. मी हे कितीतरी वेळा पाहिलं होतं, तरी माझा आवाज चढला. तू गॅस बंद केलास. पाणी निवू लागलं. अडुसष्ट आलं आणि गेलं, मीटर हलला नाही. साठाच्या जवळ आल्यावर मग कुठे वडी पुन्हा बंद झाली.

“परत येताना दुसरीकडे का?” मेधाताईंनी विचारलं.

“आला त्या वाटेनें जात नाहीं,” तू म्हणालीस.

“तापलेलं ती इतक्यात विसरत नाही,” मी म्हटलं. पुण्याच्या पाहुण्यांसमोर मला जरा चांगलं वाक्य म्हणायचं होतं.

“राघू, अणूंस माणूस करूं नको,” तू लगेच म्हणालीस. “माणसांस अणू करूं नको. हें दुसरें अधिक वाईट.”

मेधाताईंनी मग खरा प्रश्न विचारला. थंड असताना ते इलेक्ट्रॉन जातात कुठे?

“कोठेंच जात नाहींत. तेथेंच असतात. उगे असतात.”

“उगे म्हणजे?”

तू माझ्याकडे बघितलंस. “सांग कीं. तूं पुस्तकें वाचतोस.”

आणि मी, ज्याने पुण्याची पुस्तकं मागवून मागवून ही इस्त्रीची मराठी शिकली, त्याने पुण्याच्या बाईंना मराठी शब्दाचा अर्थ सांगितला: “सुम्मा.”

तू ओट्याला धरून हसलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मेधाताई आळीपाळीने आपल्या दोघांकडे बघत होत्या. मराठीचा अर्थ मी त्यांना तमिळमध्ये सांगितला होता आणि मला ते कळलंही नव्हतं. पण अक्का, अर्थ चुकला नव्हता. बाहेर कुणीही ‘सुम्मा’ म्हणतं तेव्हा त्याचे दोन अर्थ असतात: सहज, काही कारण नसताना, आणि गप्प, शांत, आहे तिथे. आपल्या आईच्या ‘उगा’तही हे दोन्ही एकत्र नांदायचे. पुण्याने त्यातला पहिला ठेवला, दुसरा रडणाऱ्या तान्ह्या बाळांपुरता शिल्लक ठेवला. आपल्याकडे दुसराच मोठा राहिला. पाहुणा निजला आहे, उगा बैस. बाबा संध्या करताहेत, उगा रहा. आणि आपण दोघं माडीवर फार वेळ आवाज न करता असलो की आई खालून म्हणायची, पोरें उगीं आहेत म्हणजे कांहीं तरी चाललें आहे.

त्या दिवशी जेवताना तू मेधाताईंना पंगतीवरून समजावलंस. समोर केळीची पानं होती, भातावर सारु वाढायचा होता, आणि तू वाढायचं थांबून बोलत बसलीस. पानं जितकी तितकीच माणसं, पण एका पानावर दोघांनी बसायची मुभा आहे असं समजा, म्हणालीस. मग हिशेबाने अर्ध्या जागा रिकाम्या. कुणीही उठून कुणाच्याही पानावर जावं, पंगतभर फिरावं. अशा पदार्थातून वीज सरळ जायला हवी. जुन्या हिशेबाप्रमाणे तो धातूच व्हायला हवा. प्रत्यक्षात काय होतं? एकेका पानावर एकेक जण बसला आहे आणि दुसऱ्याच्या पानावर जायला कुणी तयार नाही, कारण तिथे जो बसला आहे त्याच्याजवळ जाणंच महागात पडतं. कुणी कुणाला बांधलेलं नाही. भिंत नाही, कुलूप नाही. एकमेकांना टाळण्यापायी सगळे जागच्या जागी.

“मग त्यांना हलवायचं कसं?”

“एकास उठवा. एक पान रिकामें झालें कीं शेजारचा तेथें सरकेल, त्याचें रिकामें होईल, मग त्याचा शेजारी. कांहीं पदार्थांत असेंच करतात.”

“आमच्याकडे एक उठला की बाकीचे पण हात धुवायला जातात,” मेधाताई म्हणाल्या.

“म्हणून तुमच्याकडे शास्त्र पुढें गेलें,” तू म्हणालीस, आणि सारु वाढलास.

जाताना त्या म्हणाल्या, हे असंच लिहून द्या. मोठ्या मुलांसाठी पुस्तक करतोय, त्यात एक प्रकरण तुमचं. तू नाही म्हणालीस. आयुष्यभर इंग्रजीत आणि तमिळमध्ये शिकवलेलं. मराठी आपली जेवायला हाक मारायची आणि रागवायची. त्या गेल्यावर दोन दिवस तू मला विचारत होतीस, “एवढें ह्या आमच्या मराठींत मावेल कां?” तिसऱ्या दिवशी लिहायला बसलीस.

तू लिहायचीस, मी इस्त्री करायचो. तुझं ‘कोठें’ मी ‘कुठे’ केलं, ‘करित्यें’चं ‘करते’ केलं, अनुस्वार वेचून काढले. ते सगळं तू होऊ दिलंस. म्हणायचीस, तांदूळ निवडतोस तसा निवड, खडे तेवढे राहूं दे. पण पदार्थाच्या त्या थंड अवस्थेला काय म्हणायचं, तिथे तू हटली नाहीस. मी ‘विद्युतरोधक’ सुचवला.

“रोधक म्हणजे अडविणारा. कोण अडवितो? दाखीव.”

मी ‘दुर्वाहक’ म्हटलं.

“दुर्जन, दुर्वाहक. त्या बिचाऱ्यानें काय केलें?”

मी ‘निष्क्रिय’सुद्धा म्हटलं होतं, अक्का. मेधाताईंना आज सुचलेला शब्द मला तेव्हाच सुचला होता.

“निष्क्रिय तर तुझें विमा कार्यालय. इलेक्ट्रॉन नव्हेत.”

मी म्हणायचो, शब्द कितीही बरोबर असला तरी वाचणाऱ्याला कळला पाहिजे. पुण्यातला मुलगा ‘इलेक्ट्रॉन उगे राहतात’ वाचेल आणि त्याला वाटेल की ते उगीचच राहतात, त्याला काही कारण नाही. तू त्याला कारण समजावण्यासाठी सगळं प्रकरण लिहिते आहेस आणि पहिल्याच पानावर त्याला सांगते आहेस की कारण नाही. यावर तू एकदा पेन खाली ठेवलंस. मला वाटलं, पटलं. मग म्हणालीस, “आमचा शब्द आधींचा. अर्थ त्यांनी बदलला, आम्हीं नाहीं.” मी म्हटलं, आपण बदलला नाही, कारण बदलायला आपल्याशी कुणी बोललंच नाही. ते वाक्य तुला लागलं. मला लावायचं नव्हतं. ते खरं होतं आणि अजूनही आहे, पण त्या दिवशी तू कॉफी निम्मी ठेवून उठलीस.

दुसरा वाद शब्दाचा नव्हता, त्यातल्या कारणाचाच होता, आणि तो कित्येक वर्षांचा. थंडीत त्या ऑक्साइडमधले व्हॅनेडियमचे अणू रांगेत दोन-दोन करून जवळ येतात, जोड्या लावतात. तापवलं की जोड्या सुटतात, रांग पुन्हा सारख्या अंतराची होते. मला हे एकदा समजल्यावर बाकी काही लागत नव्हतं. जोडी जमली, इलेक्ट्रॉन त्या जोडीत अडकला, वीज थांबली. सोपं. तू म्हणायचीस, सोपें आहे म्हणून तुज पटतें. तुझं म्हणणं, अणू जवळ येवोत न येवोत, इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात म्हणूनच थांबतात. जोड्या हा नंतरचा संसार. आणि पुरावा म्हणून त्याच कुटुंबातलं दुसरं ऑक्साइड पुढे करायचीस, ज्यात तशा जोड्या जमत नाहीत तरी ते थंडीत उगं होतं. मी म्हणायचो, मग दोन्ही कारणं असतील. तू म्हणायचीस, दोन्ही म्हणणें ही पळवाट. एकदा मी विचारलं, जगातले मोठे लोक काय म्हणतात? तुझा चेहरा खुलला. “तेहि भांडताहेत!” असं म्हणालीस, जणू आपल्या घराला फार मोठं गोत मिळालं होतं.

प्रकरणात तू शेवटी दोन्ही बाजू लिहिल्यास. माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडलीस. ती पानं मी आज पुन्हा वाचली. इस्त्री करताना मी अनुस्वार बघत होतो, तेव्हा हे लक्षातच आलं नव्हतं.

वडी तोवर फुटली होती. दर वेळी आतल्या अणूंना जागा बदलावी लागते, तर तडे जाणारच, असं तू शांतपणे म्हणालीस आणि तुकडे त्याच डबीत ठेवलेस. मला वाईट वाटलं ते तुला कळलं असावं, कारण तू म्हणालीस की मोठ्या प्रयोगशाळांत आता याची पातळ साय काचेवर चढवतात, ती फुटत नाही. टंगस्टनचा अंश घातला की अडुसष्टची मर्यादा आपल्या नेहमीच्या हवेपर्यंत खाली आणता येते. ऊन वाढलं की ती काच आपली आपण उष्णता परतवते. “कुंभकोणात लावली तर वर्षभर तशीच राहील,” मी म्हटलं. तू त्यावर हसली नाहीस. त्या दिवसांत तुझं डोकं दुखत असायचं. तू सांगितलं नव्हतंस.

मग ती सकाळ आली. तू तुळशीला पाणी घालता घालता खाली बसलीस.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत गुठळी आहे, उजवी बाजू गेली आहे, बोलणं किती परत येईल ते आज सांगता येत नाही. थोडं आलं. पण काय आलं, अक्का. ज्या तमिळमध्ये तू कितीतरी मुलींना शिकवलंस ती गेली. इंग्रजी गेली. तुझ्या विद्यार्थिनी रांगेने भेटायला येत, ‘मॅडम, मॅडम’ म्हणत, आणि तू त्यांच्याकडे परक्या गावात आल्यासारखी बघायचीस. राहिले ते आईच्या स्वयंपाकघरातले काही शब्द. पाणी. एथें. नको. दीप लाव. नर्सला ते कळत नसत, मग ती मला हाक मारी आणि मी तुझ्या एका शब्दाचं तिच्यासाठी एक वाक्य करी.

आयुष्यात कधी बोललो नाही इतका मी त्या खोलीत बोललो. तुला चिडवावं, म्हणजे तू भांडशील, म्हणजे बोलशील, असा माझा हिशेब होता. तुझी पानं वाचून दाखवायचो आणि मुद्दाम म्हणायचो, हे बघ, हा ‘उगे’ मी काढणार आहे. जोड्यांचंच बरोबर आहे, तुझी बाजू मी चार ओळींत आटपणार आहे. तू डोळे मिटून ऐकायचीस. डावा हात चादरीवर हलायचा. एकदा दुपारी मी असाच वाचत सुटलो होतो, श्वासही न घेता, आणि तू डोळे उघडून स्पष्ट म्हणालीस:

“उगा.”

नर्स सलाईन बदलत होती. तिने मान वर केली. “एन्न सोल्रांग, सार?” काय म्हणतायत, म्हणून.

“सुम्मा इरुक्क सोल्रांग,” मी म्हटलं. मला गप्प बसायला सांगतेय.

नर्स हसली. “नल्ला सोन्नांग,” म्हणाली. बरं सांगितलं त्यांनी. तूही हसलीस असं मला वाटलं; ओठाचा डावा कोपरा वर गेला. मी गप्प बसलो. पंखा फिरत होता आणि तू पुन्हा डोळे मिटलेस.

त्यानंतर तू बोलली नाहीस.

आता मी बसून त्या एका शब्दाचं काय करू? गप्प रहा, असं म्हणालीस? की हे सगळं उगाच चाललंय, कशाला एवढा आटापिटा, असं पुण्याच्या अर्थाने? तो तर तू कधीच त्या अर्थाने वापरला नव्हतास. की वाचता वाचता मी जिथे आलो होतो तिथला तो शब्द तू फक्त पुरा केलास, मी ‘निष्क्रिय’ म्हणू नये म्हणून? मी ते पान पुन्हा काढून बघितलं. पण तेव्हा मी नेमका कोणत्या ओळीवर होतो, ते मला आठवत नाही. त्या ओळीत तो शब्द असता तर मी तो वाचलाच असता.

डॉक्टर मला म्हणाले होते की शब्द नाहीसे होत नाहीत, आत असतात, फक्त वाट बंद होते. हे ऐकल्यावर माझ्या मनात काय आलं असेल, ते तू ओळखशील. ते मी इथे लिहीत नाही. तू मना केलं होतंस, ओट्याशी, मेधाताईंसमोर.

तेराव्याच्या पंगतीत एक गोष्ट झाली, ती मात्र सांगतो, कारण ती सांगायला दुसरं कोणी नाही. आपल्या मामेभावाला ऐन वाढताना फोन आला आणि तो पानावरून उठला. पान फुकट जाऊ नये म्हणून शेजारची काकू तिथे सरकली, तिच्या जागी तिचा जावई, त्याच्या जागी आणखी कुणी. रिकामी जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मी वाढपी होतो, हातात सारुची बादली. मी तुझ्याकडे बघितलं. म्हणजे तू जिथे बसतेस, दारालगत, तिथे बघितलं. मला हसू आवरेना. मी तोंड फिरवलं तेव्हा मंडळींना वाटलं मला रडू आलं, आणि कुणीतरी येऊन बादली हातातून घेतली. मग मला खरंच रडू आलं.

ही मंडळी घरात आपसांत तमिळ बोलतात, तुला माहीत आहे. माझ्याशी एखादं वाक्य मराठीत बोलतात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडावं तसं. ‘कोठें’ म्हणणारं आता कुणी उरलं नाही. मी म्हणत नाही. मी जन्मभर ते ‘कुठे’ करत आलो.

इथवर लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं. काल मेधाताईंचा फोन आला.

“राघवेंद्रराव, बोलायचं का? नंतर करू का?”

“बोलू या.”

“तो शब्द…”

“ठेवा.”

“वसुधाताई मला म्हणाल्या होत्या, माझा भाऊ रोज याच्यावरून भांडतो. मला वाटलं तुम्हाला बदललेलं आवडेल.”

“मला पटत नाहीच.”

“मग?”

“शब्द तिचा आहे, ताई.”

त्या संपादक आहेत, दुःखातही त्यांचं काम सुटत नाही, आणि त्यासाठी मला त्या आवडतात. “मग तळटीप लागेल,” म्हणाल्या. “नाहीतर मुलं अडतील. तुम्ही द्याल लिहून? दोन ओळी.”

दोन ओळींसाठी माझा दिवस गेला. आधी शब्दकोशासारखी लिहिली. त्यात तू नव्हतीस. मग आईचं, माडीचं, उगीं असलेल्या पोरांचं लिहिलं. ते वाढत वाढत पानभर झालं आणि इलेक्ट्रॉन कुठेच राहिले नाहीत. मग सगळं खोडून हे पाठवलं:

‘उगा: तंजावरी मराठीत शांत, जागच्या जागी, पण हजर. लेखिकेच्या धाकट्या भावाला हा शब्द इथे मान्य नाही.’

फोन लगेच आला. “अहो, असं तळटिपेत कोण लिहितं?”

“आमच्या घरी लिहितात.”

त्या हसल्या. मग जरा चाचरत म्हणाल्या, “बरं, राहू दे. गोड आहे. पण ते ‘मान्य नाही’… ‘मान्य नव्हता’ करू या का? म्हणजे आता, वसुधाताई…”

“‘नव्हता’ केलं की वाद संपतो, ताई.”

मी फोन कानाला धरून राहिलो.

“बरं,” त्या म्हणाल्या. “‘नाही’ ठेवते.”

तर अक्का, पान गेलं. तुझा शब्द त्यात आहे आणि माझी हरकतही. ‘हजर’ मात्र मी घातला. तो तू कधी म्हणाली नव्हतीस, तुझ्या कच्च्या लेखात कुठेही नाही. तू असतीस तर टिपेतलं बाकी सगळं सोडून आधी त्यालाच धरलं असतंस, आणि तू काय म्हणाली असतीस ते मला कितीही प्रयत्न केला तरी सुचत नाही.